झेड/व्हीएमचा क्लोन काढून मेंटेनन्सची रंगीत तालीम कशी घ्यावी

प्रश्न जळगावहून घरून काम करणाऱ्या एका सहकाऱ्याचा आहे. थोडक्यात असा: झेड/व्हीएम ७.३ (आयबीएमच्या मेनफ्रेमवर आभासी मशीन चालवणारी प्रणाली) एकाच एलपीएआरमध्ये (मेनफ्रेमच्या एका स्वतंत्र वाट्यात) चालतं, त्यावर लिनक्सचे गेस्ट (आभासी मशीन) आहेत, एसएसआय क्लस्टर (एकत्र जोडलेल्या झेड/व्हीएम सिस्टमचा गट) नाही. सिस्टमच्या पाच डिस्क आहेत, सगळ्या ३३९० (मेनफ्रेम डिस्कचा प्रकार) मॉडेल ९. नवा आरएसयू (आयबीएमच्या दुरुस्त्यांचा संच) लावायचा आहे, पण तो थेट प्रॉडक्शनवर लावायची हिंमत होत नाही. रिकामा एलपीएआर मिळणार नाही. अशा वेळी सगळ्या सिस्टमची नक्कल कशी काढायची, डिस्कची लेबलं बदलावी लागतात का, आणि यात चालू सिस्टमला धक्का बसू शकतो का?

भाऊ, वेगळा एलपीएआर लागत नाही. झेड/व्हीएम स्वतःच्याच पोटात गेस्ट म्हणून चालतं. त्याला आपण दुसरी पातळी म्हणतो. मेंटेनन्सच्या चाचणीला ती पुरते. लेबलं बदलू नका. धक्का बसू शकतो, पण तो कुठून बसतो हे आधीच ठरलेलं आहे आणि ती दारं बंद करता येतात.

लेबलांचं आधी सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच फसतात. एम०१आरईएस या लेबलाचं टीएसटीआरईएस केलं की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. यूजर डायरेक्टमधल्या (सगळ्या यूजरची नोंद असलेली फाइल) प्रत्येक एमडिस्क ओळीत (यूजरला दिलेला डिस्कचा तुकडा, म्हणजे मिनीडिस्क) लेबल आहे. वरच्या डायरेक्टरी ओळीत आहे. सिस्टम कॉन्फिगमध्ये (सिस्टम उठताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) सीपी-ओन्डच्या, म्हणजे सीपीच्या (झेड/व्हीएमचा गाभा) ताब्यातल्या डिस्कच्या, यादीत आहे, आणि सिस्टम रेसिडेन्सच्या ओळीत चेकपॉइंट नि वॉर्मस्टार्टच्या जागेसोबतही आहे. एक ओळ सुटली की आयपीएल (सिस्टम उठवणं) अडतं. त्याहून वाईट म्हणजे आयपीएल होतं आणि एखादी मिनीडिस्क भलतीकडेच लागते. शिवाय तुम्ही जी चाचणी घेणार ती आता मूळ सिस्टमची उरली नाही, दुरुस्त केलेल्या सिस्टमची झाली. आपल्याकडे केळीत नवा खताचा डोस पाहायचा तर टिश्यू कल्चरच्या एकाच लॉटची रोपं दोन ओळींत लावतात आणि डोस एकाच ओळीला बदलतात, म्हणजे फरक दिसला तर तो डोसचाच. इथेही तेच. आरएसयू सोडून बाकी सगळं शक्य तितकं सारखं ठेवा.

पण सारख्या लेबलाच्या दोन डिस्क पहिल्या पातळीच्या सीपीला दिसल्या तर? पुढच्या आयपीएलला तो एकच घेईल आणि दुसरी डुप्लिकेट म्हणून बाजूला ठेवेल. कोणती घेईल यावर प्रॉडक्शन टांगून ठेवायचं नसतं. सिस्टम कॉन्फिगमध्ये क्लोनच्या पत्त्यांना ऑफलाइन-ॲट-आयपीएल करून ठेवणं हा एक उपाय आहे. चालतो, पण पुढे स्टोरेजवाल्यांनी पत्ते हलवले आणि ती ओळ बदलायची राहिली की संकट परत उभं राहतं.

माझ्या मते खरा उपाय वेगळा आहे: क्लोन पूर्ण डिस्कवर ठेवूच नका, मोठ्या डिस्कवर एक सिलिंडर (डिस्कवरच्या जागेचं माप) सोडून मिनीडिस्क म्हणून ठेवा. डिस्कचं लेबल सिलिंडर ०वर असतं. पहिल्या पातळीचा सीपी खऱ्या डिस्कचा सिलिंडर ० वाचतो, तिथे तुमचं साधं लेबल असतं, समजा टीएसटी०१. क्लोनचं एम०१आरईएस हे लेबल खऱ्या डिस्कच्या सिलिंडर १वर बसतं आणि पहिल्या पातळीला ते कधीच लेबल म्हणून दिसत नाही. गेस्टला मात्र मिनीडिस्कचा पहिला सिलिंडर हाच त्याचा सिलिंडर ०, म्हणून त्याला सगळं मूळच्यासारखंच दिसतं. डुप्लिकेटचा प्रश्नच संपला.

आता हिशेब. मॉडेल ९ म्हणजे १००१७ सिलिंडर, साधारण ८.५ जीबी. मॉडेल २७ म्हणजे ३२७६०. एका मॉडेल २७वर तीन नकला बसतात:

पहिली सिलिंडर १ पासून १००१७ सिलिंडर,
दुसरी १००१८ पासून १००१७,
तिसरी २००३५ पासून १००१७.

तिसरी ३००५१वर संपते. ३००५२ पासून शेवटपर्यंत २७०८ सिलिंडर उरतात, ते पेजिंगला (मेमरीत न मावणारी पानं ठेवायची जागा). इथे एक चूक हमखास होते: लक्ष्य म्हणून मॉडेल ९ची डिस्क मागवली जाते. त्यात सिलिंडर १ पासून मोजलं तर १००१६च उरतात, नक्कल एका सिलिंडरने आखूड पडते. स्टोरेजवाल्यांना मॉडेल २७ किंवा त्याहून मोठी मागा, आणि फ्लॅशकॉपी (स्टोरेज बॉक्सने स्वतःच काढलेली झटपट नक्कल) वापरायची असेल तर ती मूळ डिस्क ज्या स्टोरेज बॉक्समध्ये आहेत त्याच बॉक्समधली हवी हे मागणीपत्रातच लिहा.

काय उचलायचं? तुमच्या पाच डिस्क बहुधा एम०१आरईएस, व्हीएमकॉम१, ७३०आरएल१, एम०१एस०१ आणि एम०१पी०१ अशा असतील. पहिल्या तीन तंतोतंत उचलायच्या. एम०१पी०१ म्हणजे पेजिंग, त्यात जपण्यासारखं काहीच नाही, नवीन फॉरमॅट करायची. स्पूलची (छपाई, कन्सोल वगैरेंच्या फाइल ठेवायची जागा) एम०१एस०१ मात्र उचला. जागा वाचवायला ती गाळायचा मोह होतो, पण नेम्ड सेव्ह्ड सिस्टम आणि सेव्ह्ड सेगमेंट (आधीच तयार करून ठेवलेल्या मेमरीच्या प्रती) स्पूलमध्येच राहतात. स्पूल नसेल तर "आयपीएल सीएमएस" (सीएमएस म्हणजे यूजर ज्यात कमांड देतो ती छोटी प्रणाली) चालतच नाही, "आयपीएल १९०" करून सीएमएस आणि एकेक सेगमेंट नव्याने बांधत बसावं लागतं. लिनक्स गेस्टच्या डिस्क उचलू नका. मेंटेनन्सच्या चाचणीला त्यांची गरज नाही, आणि एकाच सर्व्हरच्या दोन प्रती जाग्या झाल्या तर भलताच घोळ होतो.

म्हणजे पहिल्या मॉडेल २७वर तीन मुख्य नकला आणि उरलेल्या जागेत पेजिंग, दुसऱ्या मोठ्या डिस्कवर स्पूलची नक्कल. २७०८ सिलिंडरांतला पहिला लेबलाला सोडला तर २७०७ सिलिंडर, दर सिलिंडरला ४ केबीची १८० पानं, म्हणजे सुमारे २ जीबी पेजिंग. चाचणीत चार-सहाच यूजर जागे असतात, त्यांना पुरतं.

गेस्टची डायरेक्टरी नोंद साधी ठेवा. मेमरी ४ जीबी, मशीन ईएसए, दोन सीपीयू. मिनीडिस्कचे आभासी पत्ते मूळ डिस्कच्या खऱ्या पत्त्यांसारखेच द्या. कारण असं: स्टँडअलोन लोडरमध्ये (सीपी मेमरीत चढवणारा छोटा प्रोग्रॅम), म्हणजे एसएपीएलमध्ये, जे पॅरामीटर लिहिलेले असतात त्यांत पीडीव्हॉल म्हणून व्हीएमकॉम१चा पत्ता असतो. सिस्टम कॉन्फिग ज्या पार्म डिस्कवर आहे ती त्या पत्त्यावर शोधली जाते. गेस्टमध्ये पत्ता वेगळा असेल तर सीपीला सिस्टम कॉन्फिग सापडत नाही आणि पहिलंच आयपीएल आपटतं. क्लोन वेगळ्या एलपीएआरमध्ये चालवणाऱ्यांसाठी हाच पीडीव्हॉल अधिक धोक्याचा आहे: तिथे जुना पत्ता खरोखर अस्तित्वात असतो, आणि क्लोन गुपचूप प्रॉडक्शनचं सिस्टम कॉन्फिग वाचून उठतो.

प्रिव्हिलेज क्लास (यूजरला कोणत्या कमांड देता येतात ते ठरवणारा वर्ग) फक्त जी, म्हणजे साध्या यूजरचा, द्या. ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. दुसऱ्या पातळीवर काम करताना आपण कोणत्या पातळीच्या सीपीशी बोलतोय हे रात्री दोन वाजता विसरायला होतं. पीए१ (३२७० टर्मिनलची एक कळ) दाबलं की तुम्ही पहिल्या पातळीच्या सीपीत येता. तिथे "शटडाउन" टाइप झालं आणि त्या यूजरला क्लास ए असेल, तर सगळा एलपीएआर लिनक्सच्या गेस्टांसकट खाली येईल. क्लास जी असेल तर कमांड नाकारली जाईल, एवढंच. मेंट (सिस्टमच्या देखभालीचा यूजर) किंवा ऑपरेटरच्या यूजरखाली दुसरी पातळी कधीही उठवू नका.

याच्या जोडीला दोन्ही सिस्टमच्या सिस्टम कॉन्फिगमध्ये फीचर्स एनेबल व्हॅलिडेट-शटडाउन घाला. मग शटडाउन देताना सिस्टमचं नाव लिहावंच लागतं, आणि नाव जुळलं नाही तर काहीच होत नाही.

कन्सोल ००२०वर द्या, आणि ०७०० पासून तीन-चार स्पेशल ३२७० ओळी घाला. त्यांच्यामुळे पहिल्या पातळीच्या लोगो स्क्रीनवरून "डायल" करून थेट दुसऱ्या पातळीत शिरता येतं, नेटवर्क लागतच नाही. नेटवर्क कार्ड, ओएसए, सीटीसी, टेप यांतलं काहीही सुरुवातीला देऊ नका. जे उपकरण गेस्टकडे नाही, त्यातून तो बाहेर काही पाठवू शकत नाही.

आता प्रत्यक्ष नक्कल. यासाठी वेगळा यूजर वापरा, ज्याच्याकडे मूळ डिस्कच्या ० ते एंड अशा पूर्ण मिनीडिस्कची लिंक फक्त वाचण्यापुरती, म्हणजे आरआर मोडमध्ये आहे, आणि लक्ष्याची लिंक लिहिण्यासाठी. डीडीआरमध्ये (डिस्कची नक्कल काढणारा प्रोग्रॅम) इनपुट नि आउटपुट उलटे लिहिले गेले तर रिकामी डिस्क प्रॉडक्शनवर उतरते. मूळ डिस्क आरआरने जोडलेली असेल तर ते लिहिणं होतच नाही. डीडीआरच्या ओळी अशा:

सिसप्रिंट कॉन्स
इनपुट १२३ डीएएसडी
आउटपुट २२३ डीएएसडी
कॉपी ऑल

डीडीआर वाचलेलं लेबल दाखवून पुढे जायचं का म्हणून विचारतो. तिथे सवयीने येस मारू नका, दिसलेलं लेबल आणि पत्ता कागदाशी ताडून मगच मारा. फ्लॅशकॉपी उपलब्ध असेल तर तीच चांगली: "फ्लॅशकॉपी १२३ ० एंड टू २२३ ० एंड". संबंध जुळला की काही सेकंदांत प्रत वापरायला मोकळी होते, प्रत्यक्ष डेटा स्टोरेज बॉक्स मागून हलवत राहतो.

चालू सिस्टमची नक्कल घेताना काय थांबवायचं हा विषय इथे नीट समजून घेण्यासारखा आहे. डिस्क एकेक करून उचलल्या जातात, आणि तेवढ्या वेळात कोणी लिहीत असेल तर एका डिस्कवर आधीची स्थिती आणि दुसऱ्यावर नंतरची येते. सगळ्यात जास्त फटका एसएफएसला (सीएमएसची सामायिक फाइल व्यवस्था) बसतो. व्हीएमपीएसएफएस या फाइल पूलमध्ये व्हीएमएसईएस/ईचा (दुरुस्त्या, म्हणजे सर्व्हिस, लावणारं आणि त्याची नोंद ठेवणारं साधन) सर्व्हिसचा सगळा डेटा असतो, म्हणजे ज्याची चाचणी घ्यायची तोच भाग. त्याचा लॉग आणि डेटा एकमेकांशी जुळले नाहीत तर तो पूल चालवणारा व्हीएमसर्व्हपी सर्व्हर क्लोनमध्ये उठत नाही, किंवा उठतो आणि सर्व्हिस मध्येच अडते. तेव्हा एसएफएसचे सर्व्हर स्टॉप देऊन नीट खाली आणा, डिरमेंट (यूजर डायरेक्टरी सांभाळणारा सर्व्हर) थांबवा, मेंट७३० (ज्यावरून सर्व्हिस लावतात तो यूजर) लॉगऑफ करा आणि मग उचला. लिनक्सचे गेस्ट चालू राहिले तरी हरकत नाही, त्यांच्या डिस्क यात नाहीतच. फ्लॅशकॉपी असेल तर ही थांबणूक काही मिनिटांची असते. डीडीआर असेल तर संपूर्ण कॉपीभर सर्व्हर खाली ठेवावे लागतात, म्हणून ते कमी वर्दळीच्या वेळी ठेवा.

पेजिंगची मिनीडिस्क पहिल्या पातळीवरूनच सीपीएफएमटीएक्सएने (सीपीच्या डिस्क आखणारी कमांड) फॉरमॅट करा: लेबल एम०१पी०१, सिलिंडर ० पर्म, १ ते २७०७ पेज. नुसतं लेबल आणि ॲलोकेशन टाकून फॉरमॅट टाळू नका, सीपीला पेजिंगची जागा ४ केबीच्या रेकॉर्डांत आखलेलीच लागते.

आयपीएलच्या आधी क्लोनचं नाव बदलायचं. सिस्टम कॉन्फिग पीमेंट या यूजरच्या सीएफ० या मिनीडिस्कवर असतं आणि ती आता क्लोनच्या व्हीएमकॉम१च्या पोटात आहे. तिथे पोहोचायला पहिल्या पातळीवर आच्छादित (त्याच जागेवर पुन्हा मांडलेली) मिनीडिस्क बांधा. यूजर डायरेक्टमध्ये सीएफ० ज्या सिलिंडरपासून सुरू होते, त्यात क्लोनच्या मिनीडिस्कचा सुरुवातीचा सिलिंडर मिळवा, लांबी तीच ठेवा. व्हीएमकॉम१ची नक्कल १००१८ला असेल तर १००१८ अधिक मूळ सुरुवात. ती लिंक करून ॲक्सेस करा आणि यूजर डायरेक्टमध्ये त्या डिस्कचं जे सीएमएस लेबल अपेक्षित आहे तेच दिसतं का ते पाहा. वेगळं दिसलं किंवा फाइलच दिसल्या नाहीत तर बेरीज चुकली, थांबा.

सिस्टम कॉन्फिगमध्ये बदल थोडेच करा. सिस्टम आयडेंटिफायरचं नाव बदला, समजा टेस्टव्हीएम. आयडेंटिफायर एलपीएआरच्या नावावर बांधलेला असेल तर दुसऱ्या पातळीवर त्या जागी गेस्टची यूजरआयडी लिहायची. डिस्कनेक्ट टाइमआउट ऑफ करा. लोगोच्या फाइलमध्ये मोठ्या अक्षरांत चाचणी सिस्टम असं लिहा. आणि सेव्ह केल्यावर सीपीसिंटॅक्स (सिस्टम कॉन्फिगमधल्या चुका शोधणारी कमांड) चालवा, एका चुकलेल्या स्वल्पविरामासाठी आयपीएल पुन्हा करावं लागू नये.

मग गेस्ट लॉगऑन करा आणि उठवा. सीएमएससाठी आधी जोडलेल्या १९०, १९ई यांसारख्या पहिल्या पातळीच्या लिंक डिटॅच करा, नाहीतर दुसऱ्या पातळीला त्या फाजील डिस्क म्हणून दिसतील. क्रम असा:

टर्म कॉनमोड ३२७०
सेट रन ऑन
आयपीएल १२३ क्लियर लोडपार्म ००२०

१२३च्या जागी तुम्ही एम०१आरईएसला जो पत्ता दिला तो. सेट रन ऑन द्यायचं राहून गेलं तर पीए१ दाबताच सगळी दुसरी पातळी जागीच थांबते. एसएपीएलची स्क्रीन आली की मॉड्यूलचं नाव सीपीलोड (सीपी ज्या फाइलमधून उठतो ती) आहे आणि पीडीव्हॉल बरोबर आहे हे बघून एफ१० दाबा. सुरुवात कशी करायची असं विचारलं की उत्तर:

कोल्ड ड्रेन नोऑटोलॉग

वॉर्म देऊ नका. मूळ सिस्टम नीट बंद न करता ही नक्कल घेतलेली आहे, त्यामुळे वॉर्मस्टार्टची माहिती तिच्यात खरी नाही. क्लीन तर मुळीच नको, ते नेम्ड सेव्ह्ड सिस्टम आणि सेगमेंटसुद्धा पुसून टाकतं, मग स्पूल उचलल्याचा उपयोगच काय? कोल्डमध्ये साध्या स्पूल फाइल जातात, सिस्टमच्या फाइल राहतात. नोऑटोलॉगमुळे ऑटोलॉग१ जागा होत नाही, म्हणजे टीसीपीआयपी, बॅकअप, मॉनिटरिंग आणि लिनक्स गेस्ट उठवायचा त्याचा नेहमीचा पाढा सुरू होत नाही. घड्याळ बदलायचं का, याला नो. न सापडलेल्या डिस्कबद्दल बरेच संदेश येतील. लिनक्सच्या डिस्क असतील तर सोडून द्या, पण सीपी-ओन्डपैकी एकही त्यात दिसता कामा नये.

डायल केल्यावर पडदा कोरा राहिला तर घाबरू नका. ऑटोलॉग बंद ठेवल्यामुळे टर्मिनल कोणी सुरू केलेले नाहीत. ऑपरेटरवरून "एनेबल ऑल" द्या.

आत गेल्यावर पहिलं काम ऑटोलॉग१ आणि ऑटोलॉग२ यांच्या प्रोफाइलमधून बाहेर बोलणारं सगळं काढणं. यादी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, पण आरएससीएस (दुसऱ्या सिस्टमना फाइल पाठवणारा सर्व्हर), बॅकअपचे सर्व्हर, मेल किंवा अलर्ट पाठवणारे एक्सेक (स्क्रिप्ट) आणि लिनक्स गेस्ट हे चार तर असतातच. एसएफएसचे सर्व्हर मात्र उठवा, सर्व्हिसला ते लागतात. टीसीपीआयपीची चाचणी घ्यायची असेल तर नंतर गेस्टला वेगळ्या व्हीस्विचवर (आभासी नेटवर्क स्विच) कार्ड द्या, आणि प्रोफाइल टीसीपीआयपीतला पत्ता बदलल्याशिवाय ते जोडू नका. एकच आयपी दोन ठिकाणी जागा झाला की प्रॉडक्शनची जोडणी तुटक चालते आणि दोष स्विचवाल्यांवर जातो.

सिस्टम नेटआयडी फाइलही बघा. ती सीपीयू क्रमांकावरून नोडचं नाव ठरवते. ती बदलली तर १९० डिस्क (सीएमएसची एस-डिस्क) बदलते, आणि १९० बदलली की सेव्ह केलेल्या सीएमएसमधली एस-डिस्कची यादी जुनी पडते. मग प्रत्येक लॉगऑनला शेअर्ड एस-स्टॅट मिळत नसल्याची तक्रार येते. "पुट२प्रॉड सेव्हसीएमएस" (पुट२प्रॉड म्हणजे तयार बदल चालू जागी नेणारी कमांड) चालवून सीएमएस नव्याने सेव्ह केलं की ती जाते.

इथवर आलात की एकदा नीट शटडाउन करून ऑटोलॉगसह पुन्हा उठवा. या वेळी वॉर्म चाललं पाहिजे. चाललं, की ही स्थिती पुन्हा फ्लॅशकॉपीने बाजूला ठेवा. आरएसयू लावताना काही बिघडलं तर सुरुवातीपासून सगळं करायची गरज नाही, या टप्प्यावर परत येता येतं.

आता मूळ काम. आरएसयूची एन्व्हलप फाइल बायनरी मोडमध्ये, स्थिर लांबीच्या १०२४च्या रेकॉर्डांत मेंट७३०च्या ५०० डिस्कवर आणायची आणि डीटर्सने उलगडायची. टेक्स्ट मोडमध्ये आली तर डीटर्स ती नाकारतो, आणि लोक फाइल खराब आहे समजून पुन्हा पुन्हा डाउनलोड करत बसतात. क्लोनला नेटवर्क नसेल तर फाइल प्रॉडक्शनवर आणा, एका लहान मिनीडिस्कवर ठेवा आणि ती मिनीडिस्क गेस्टला वाचण्यापुरती जोडा. मग "सर्व्हिस ऑल" आणि पुढे एन्व्हलपचं नाव. संपल्यावर "व्हीएमएफव्ह्यू सर्व्हिस" उघडून एकेक संदेश वाचा. परतीचा कोड शून्य नसेल म्हणून लगेच बिघाड झालाय असं नाही, पण शून्य नसण्याचं कारण तुम्हाला शब्दांत सांगता आलं पाहिजे.

स्थानिक बदल, म्हणजे तुमच्या दुकानाने सीपीत किंवा सीएमएसमध्ये घातलेले लोकल मॉड, हे इथे वर येतात. नव्या सर्व्हिसने त्याच भागाला हात लावला असेल तर ते पुन्हा बसवावे लागतात. आरएसयूच्या रात्री हे पहिल्यांदा कळलं तर सगळी विंडो (देखभालीला मिळालेला वेळ) त्यातच जाते. माझ्या लेखी क्लोन काढण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

पुट२प्रॉडच्या आधी "आयपीएल ४९०" करून नवं सीएमएस चाखून बघा: तुमचे रोजचे एक्सेक, पाइप्स, बॅकअपची स्क्रिप्ट. मग पुट२प्रॉड, मग शटडाउन आणि आयपीएल. "क्वेरी सीपीलेव्हल" आणि "क्वेरी सीएमएसलेव्हल" यांत नवी सर्व्हिस पातळी दिसली पाहिजे. सीपीलेव्हल जुनीच दिसली तर बहुतेकदा आयपीएल झालेलंच नसतं, किंवा एसएपीएलमध्ये भलत्या मॉड्यूलचं नाव राहिलेलं असतं.

माघारीची तालीमही घ्या. पुट२प्रॉड आधीचा सीपीलोड सीपीओएलडी नव्हे, सीपीएलओएलडी या नावाने ठेवतो, हे स्पेलिंग कागदावर लिहून ठेवा. एसएपीएलच्या स्क्रीनवर मॉड्यूलच्या नावात ते घालून क्लोन जुन्या सीपीवर उठवून पाहा आणि पुन्हा नव्यावर या. खऱ्या रात्री नवा सीपी उठला नाही तर हीच स्क्रीन समोर असेल, आणि ती पहिल्यांदा बघायची वेळ तेव्हा यायला नको.

क्लोनवर तयार झालेला सीपीलोड उचलून प्रॉडक्शनवर ठेवायचा शॉर्टकट घेऊ नका. चालेल, पण व्हीएमएसईएस/ईच्या नोंदवहीला त्याचा पत्ता नसेल. पुढच्या वेळी "सर्व्हिस सीपी स्टेटस" एक सांगेल आणि चालू सीपी दुसरंच असेल. प्रॉडक्शनवर सर्व्हिस आणि पुट२प्रॉड तिथेच चालवा. क्लोनवरून न्यायचं ते पायऱ्यांचा कागद, कन्सोलची नोंद आणि प्रत्येक पायरीला लागलेला वेळ. वेळ मात्र जपून वापरा: दुसरी पातळी संथ असते, तिथले तास प्रॉडक्शनला लावले तर विंडो उगाच मोठी मागाल.

याच कारणाने कामगिरीची चाचणी इथे करू नका. दुसऱ्या पातळीच्या गेस्टमधला गेस्ट चालवताना सीपीला दुहेरी मेहनत पडते, आकडे काहीच सांगत नाहीत. एसएमटी (एका कोअरवर एकाच वेळी दोन कामं चालवणं), डायनॅमिक आय/ओ (सिस्टम चालू असताना उपकरणांची मांडणी बदलणं) आणि खऱ्या कार्डांशी निगडित दुरुस्त्याही इथे तपासता येत नाहीत. आरएसयूच्या एपीएआर (एकेका दोषाची नोंद आणि दुरुस्ती) यादीत तशा दुरुस्त्या असतील तर त्या वेगळ्या खूण करून खऱ्या रात्रीच्या तपासणीत घाला.

घरून काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी बाब. मे-जूनमध्ये वळवाचं वादळ आलं की आपल्याकडे वीज आणि त्यामागून नेट जातं, मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम येतं. ३२७०ला डेटा फार लागत नाही, अडचण लाइन तुटण्याची असते. लाइन तुटली की सीपी तुमचा यूजर डिस्कनेक्ट करतो आणि मूळ सेटिंगप्रमाणे १५ मिनिटांत परत आला नाहीत तर लॉगऑफ करतो. पहिल्या पातळीवर टेस्ट गेस्टचा लॉगऑफ म्हणजे चालत्या सिस्टमची वीज काढल्यासारखंच. म्हणून गेस्ट उठवून झाला की त्याच्या कन्सोलवर बसून राहू नका. पीए१ दाबून "डिस्कनेक्ट" द्या आणि पुढचं सगळं डायल केलेल्या टर्मिनलवरून करा. तिथली लाइन तुटली तर दुसऱ्या पातळीचा मेंट७३० डिस्कनेक्ट होईल, पण टाइमआउट आपण ऑफ केलेला असल्याने सर्व्हिस चालू राहील. सुरू करण्याआधी "स्पूल कन्सोल स्टार्ट" दिलेलं असेल तर मधल्या काळात काय झालं ते सगळं वाचायला मिळेल.

एसएसआय क्लस्टर असलेल्यांसाठी थोडक्यात: व्हीएमकॉम१वरच्या पर्सिस्टंट डेटा रेकॉर्डमध्ये बाकीचे सदस्य जोडलेले आहेत असं लिहिलेलं असतं, आणि सीपी-ओन्ड डिस्कवर क्लस्टरचं नि सदस्याचं नाव कोरलेलं असतं. एकच सदस्य उचलला तर तो बाकीच्यांना शोधत अडतो. आयपीएलच्या पॅरामीटरमध्ये रिपेअर देऊन उठवा आणि उरलेल्यांना "सेट एसएसआय" ने डाउन घोषित करा. क्लस्टरचं नाव बदलायला जाऊ नका, डिस्कवरचे शिक्के जुळणार नाहीत. नवीन पेजिंग डिस्कवर मालकीची माहिती सीपीएफएमटीएक्सएच्या ओनर पर्यायाने घालावी लागते. आणि पुट२प्रॉड प्रत्येक सदस्यावर वेगळं चालवावं लागतं, हे त्या तालमीत धरा.

काम झाल्यावर क्लोन तसाच पडू देऊ नका. त्यात प्रॉडक्शनची पूर्ण यूजर डायरेक्टरी आहे, पासवर्डसकट, आणि आरएसीएफ (प्रवेश आणि पासवर्ड सांभाळणारं सुरक्षा सॉफ्टवेअर) असेल तर त्याचा डेटाबेसही. ज्यांना प्रॉडक्शनच्या मेंटवर प्रवेश नाही त्यांना क्लोनवरही नको. डिस्क परत करताना नुसता सिलिंडर ० पुसून चालत नाही, मिनीडिस्कचे सगळे सिलिंडर सीपीएफएमटीएक्सएने फॉरमॅट करा. शेवटी पहिल्या पातळीच्या डायरेक्टरीतून ती आच्छादित सीएफ०ची मिनीडिस्क काढा. ती राहिली आणि पुढे त्या जागेवर दुसऱ्या कोणाची डिस्क आली, तर एखाद्या दिवशी कोणीतरी सिस्टम कॉन्फिग समजून त्याच्या डेटावर लिहील.